आठ पांढरे दरवाजे

ता. ११ फेब्रुवारी

ताई,

नाही म्हणजे नाही. मी त्याला अप्पा म्हणणार नाही. निघताना तू कानात सांगितलंस, फोनवर सांगितलंस, आणि आता पत्रातही पहिल्याच ओळीला तेच, "बाप तो बाप असतो." असतो ना. मग चौदा वर्षं कुठे असतो? तुला पुळका आला असेल तर तू म्हण. मी "अहो" म्हणतो, तेवढं पुष्कळ झालं.

फोनवर तू रडतेस आणि पैसे जातात, म्हणून लिहितोय. सातवी नापासाचं अक्षर आहे, सांभाळून घे.

आता आल्या दिवसाचं ऐक. विमानतळाच्या दारातून बाहेर आलो तर म्हातारा कठड्याला टेकून उभा. मी लगेच ओळखलं. चालताना डावा खांदा पुढे जातो त्याचा, माझ्यासारखा. तो माझ्या समोरून गेला, ताई, दोन हातांवरून, आणि मागून येणाऱ्या कुठल्यातरी पोराच्या खांद्यावर हात ठेवला. त्या पोराने झटकला. मी म्हटलं, "अहो, तुमचा माल इकडे आहे." तर म्हणतो, "गर्दी होती." गर्दी कसली, मोजून पाच माणसं. पोटचा पोरगा ओळखू आला नाही आणि वर तोंड करून गर्दी!

तो काम करतो त्या गॅरेजच्या वरच खोली आहे. लोखंडी जिना, एक खिडकी, आणि सगळ्याला थिनरचा वास, पावालासुद्धा. खाट एकच. ती त्याने मला दिली आणि स्वतः खाली अंथरूण घातलं. मोठेपणा. म्हणून मीही खालीच झोपतो, दुसऱ्या भिंतीला. मधे खाट रिकामी.

गॅरेजमध्ये ठोकर लागलेल्या गाड्या येतात. पत्रा ठोकायचा, पुट्टी भरायची, घासायची, रंग मारायचा. म्हातारा रंग जुळवतो. गाडीचा एकच दरवाजा रंगवला तर तो बाकीच्या गाडीत मिसळून गेला पाहिजे, हे त्याचं काम. त्याला इथे सगळे त्यांच्या भाषेत "डोळा" म्हणतात. मालकसुद्धा. मला दिलंय पुट्टी घासायला. बोटांचे ठसे पुसले गेले माझे.

तुला ती पेटी आठवते का? "सहा महिन्यांत बोलावतो" म्हणून हा गेला आणि आईने पेटी भरून ठेवली. तुझा एक फ्रॉक, माझे दोन शर्ट. घालायचे नाहीत, तिकडे जायला आहेत. वर्ष झालं की काढायची, मला होत नाहीत म्हणून देऊन टाकायची, एक माप मोठे आणायची, परत पेटीत. माझे सगळे नवे शर्ट मला न घालताच लहान झाले. शाळेत मी तुझ्या जुन्या ब्लाउजपीसचा शिवलेला शर्ट घालून गेलो होतो, पोरं मला काय काय म्हणाली ते तुला कधी सांगितलं नाही.

मी इथे राहायला आलेलो नाही. वसूल करायला आलोय. पैसा नको मला त्याचा. ज्या दिवशी तो चार लोकांत मान खाली घालून उभा राहील, त्या दिवशी मी पोटभर जेवीन.

तुझा
उंडगा


ता. ३ मार्च

उंडग्या,

पत्र दोनदा वाचलं आणि फाडून चुलीत घातलं, आईच्या हाती लागायला नको. शिलाईमशीनवर बसून लिहितेय, मधे मधे गिऱ्हाईक येतं, तेव्हा तुटक वाटलं तर वाटू दे.

तू काय दिग्विजयाला गेला आहेस? इकडे होतास तेव्हा एका वर्षात चार नोकऱ्या सोडल्यास. चौथ्या ठिकाणी दुकानदाराचं नाक फोडलंस. पोलीस दारात आले तेव्हा आई भिंतीला धरून खाली बसली होती, ते विसरलास? तिथे कुणाचं नाक फोडू नकोस. निदान वर्षभर तरी. वर्ष झालं की तुझा राहण्याचा परवाना नवा होतो आणि मग तू तुझ्या नावाने काम करू शकतोस. तोवर तू त्यांचा मुलगा म्हणून तिथे आहेस, हे ध्यानात ठेव.

बोलावलं ना त्यांनी तुला? मग. उशिरा का होईना, बोलावलं.

आई एकच विचारते, "तो जेवतो का?" मी म्हटलं, कोण, उंडगा का अप्पा? ती तांदूळ निवडत राहिली. तिचे गुडघे आता जिना चढू देत नाहीत, म्हणून खालची खोली घेतली. बाकी सगळं होतं तसं.

किती चिडायचं तेवढं चीड, पण हात चालू ठेव.

ताई


ता. २४ मार्च

ताई,

सापडलं! मला का बोलावलं ते सापडलं. नीट बसून वाच, गिऱ्हाईक आलं तर थांबव.

परवा म्हाताऱ्याने मला घासकामावरून उठवलं आणि रंगाच्या टेबलाशी नेलं. मालकाला म्हणाला, पोराला शिकवतो. रंग असा बनतो: पांढऱ्या डब्यात थेंब थेंब काळा, पिवळा, निळा घालायचा, हलवायचा, पत्र्याच्या छोट्या पट्टीवर मारायचा, वाळू द्यायचा. "ओला रंग खोटं बोलतो," म्हणतो म्हातारा, "वाळला की खरं बोलतो." मग ती पट्टी उन्हात गाडीला लावून बघायची. पांढऱ्यात सगळ्यात जास्त भांडणं, कारण पांढरे वीस तऱ्हेचे असतात.

तर पट्टी लावली आणि म्हातारा एकदम माझ्यावर ओरडला. सगळे बघायला लागले. पण ओरडला काय माहितीये? चढ्या आवाजात, हात नाचवत, आपल्या भाषेत: "अरे गाढवा, पिवळट आहे की निळसर? खाली मान घाल आणि सांग!"

मी चक्रावलो. मान खाली घालून म्हटलं, "निळसर."

"किती? थोडा का बराच? बापाचं नाव बुडवशील!"

"थोडा."

लगेच शांत. दोन थेंब पिवळा घातला, हलवला. पट्टी जुळली. पत्रा ठोकणारा माझ्याकडे बघून हसला, त्याला वाटलं बापाने पोराला झापलं. मालकाने म्हाताऱ्याच्या पाठीवर थाप मारली.

खोलीत गेल्यावर मी सरळ विचारलं, "दिसत नाही का?" आधी नाही नाही म्हणाला. मग म्हणाला, मोतीबिंदू आहे, दोन्ही डोळ्यांत. माणसं धुरकट दिसतात, पण ते चालतं, गाड्या मोठ्या असतात. निळं मात्र गेलंच. मालकाला कळलं तर टेबल जाईल, आणि टेबल गेलं तर ही खोली. ऑपरेशनला रजा घ्यावी तर कशासाठी ते सांगावं लागेल.

म्हणजे बघ. चौदा वर्षं मुलगा लागला नाही. डोळे लागले तेव्हा मुलगा आठवला. मी मुलगा नाही, मी चष्मा आहे. आणि आता रोज दहा वेळा चार लोकांत गाढव, बैल, नालायक, बापाचं नाव बुडवणारा. त्याच्या नावाला बुडायला पाणी तरी किती लागेल!

पण ताई, दोर आता माझ्या हातात आहे. मी म्हणेन तो पांढरा.

तुझा
उंडगा


ता. १५ एप्रिल

उंडग्या,

जे तुझ्या मनात आहे ते करू नकोस. मला काय वाटतं ते मी लिहीत नाही, कारण मलाही पुष्कळ काही वाटतं. ते आजारी आईला टाकून गेले तेव्हा मी बारा वर्षांची होते आणि तू सात. त्या वर्षापासून माझी शाळा संपली आणि हे मशीन सुरू झालं. तेव्हा मला शिकवू नकोस राग म्हणजे काय.

पण त्यांची नोकरी गेली तर तुझा परवाना जाईल. दोघं मिळून रस्त्यावर याल. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घ्यायचा तर इकडे काय धोंडे कमी होते?

आणि तुला का बोलावलं, त्याचे तर्क लढवत बसू नकोस. त्यांच्या सामानात हात घालू नकोस. कागद-पत्रं काही चाळू नकोस. ऐक माझं.

ताई


ता. ६ मे

ताई,

तुझं पत्र वेळेवर पोचलं. वाचलं. तरी केलं.

एका कंपनीच्या आठ पांढऱ्या व्हॅन आल्या होत्या. आठही गाड्यांचे उजवे दरवाजे नवे बसवायचे आणि रंगवायचे. मालकाचं वर्षातलं सगळ्यात मोठं काम. म्हाताऱ्याने एकदाच मोठा डबा भरून रंग केला. पट्टी वाळली, उन्हात नेली. "बोल रे नालायका," ओरडला, "पिवळट की निळसर?"

निळसर होता. चांगलाच.

मी मान खाली घातली आणि म्हटलं, "बरोबर आहे. जुळला."

"नीट बघ, बैला!"

"बघितलं. मारा."

आठ दरवाजे मारले. दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर गाड्या अंगणात रांगेने लावल्या. ताई, नीळ जास्त झालेला शर्ट कसा दिसतो? तसे आठ दरवाजे. लांबून, रस्त्यापलीकडून दिसत होते. सगळे कामावरचे बाहेर आले. मालक आला. दोन्ही हात कमरेवर.

"कुणी केला हा रंग?"

मी वाट बघत होतो. म्हटलं, आता माझ्याकडे बोट करेल. शिकाऊ पोरगा, अक्कल नाही, सगळ्यांनी रोज ऐकलंय. कुणालाही खरं वाटलं असतं. मी तर उत्तरही तयार ठेवलं होतं, त्यांच्या भाषेत पाठ केलं होतं.

तो म्हणाला, "मी."

"मग बघ काय केलंस!"

तो पुढे गेला, पहिल्या दरवाजाला अगदी नाक लावलं. मग दुसऱ्याला. मग म्हणाला, "मला तर ठीक दिसतंय."

कुणी हसलं नाही. मालकाने दोन पट्ट्या मागवल्या, एक बरोबरची, एक चुकीची. त्याच्या डोळ्यांसमोर धरल्या. "डोळा, निळी कुठली?" म्हाताऱ्याने एकीकडे बोट केलं. चुकलं. मालकाने पाठीमागे नेऊन बदलल्या. पुन्हा धरल्या. पुन्हा चुकलं. तिसऱ्यांदा त्याने बोटच केलं नाही. मान खाली घातली. चार लोकांत, नाही, चौदा लोकांत. मला हवी होती तशीच.

मग मी टेबलाशी गेलो. त्याच डब्यात पिवळ्याचे थेंब टाकले, हलवलं, पट्टी मारली, वाळवली, दरवाजाला लावली. मिळून गेली. मालकाने माझ्याकडे असं बघितलं, जसा काही मी आजच विमानातून उतरलो. टेबल मला दिलं. म्हाताऱ्याला गाड्या धुवायला लावलं, खोली राहू दिली. कानामागून आली आणि तिखट झाली, ती मी.

खोलीत आल्यावर तो म्हणाला, "हलवताना माझंच चुकलं असेल." त्याला शंकासुद्धा आली नव्हती, ताई. मला ते सहन झालं नाही. मी म्हटलं, "नाही. निळसर होता. मी खोटं सांगितलं."

त्याने कप विसळला, पालथा घातला. मग म्हणाला, "एक दरवाजा पुरला असता रे. आठ कशाला?"

मी जेवायला बसलो. पोटभर जेवलो नाही, ते तुला म्हणून सांगतो. पण पश्चात्ताप झालाय असं लिहू नकोस उलट पत्रात. नाही झालेला.

उंडगा


ता. २७ मे

उंडग्या,

मूर्खा. आता सांगते. आधीच सांगायला हवं होतं.

तुला त्यांनी डोळ्यांसाठी बोलावलं नाही. त्यांनी बोलावलंच नाही. मी पाठवलं. नाक फोडलेल्या दुकानदाराने केस मागे घेतली ती मी पाय धरले म्हणून. त्यानंतर मला रोज वाटायचं, हा तुरुंगात जाणार. मी अप्पांना चार पत्रं लिहिली. पहिल्या तीनला उत्तर, "इथे जागा नाही, इथलं काम त्याला झेपणार नाही." चौथ्यात लिहिलं, "मुलाला न्या, नाहीतर मी आईला घेऊन तिकडे येते आणि तुमच्या मालकाच्या दारात बसवते." पंधरा दिवसांत तुझे कागद आले. तुला बोलावलं ते भीतीने. प्रेमाने नाही, हे तुझं बरोबर. पण चष्मा म्हणून नाही, हे चूक. चष्मा तू तिथे गेल्यावर झालास.

हे वाचून माझ्यावरही चिडशील. चीड. सवय आहे.

यावेळी पत्र आईने बघितलं. माझ्या हातातून घेतलं आणि म्हणाली, "वाच." मी वाचलं. पट्ट्यांचं आलं तिथे म्हणाली, "पुन्हा वाच." पुन्हा वाचलं. मला वाटलं रडेल. तांदळाचं ताट बाजूला सारलं आणि म्हणाली, "मला तिकडे जायचंय."

मी म्हटलं, आई, आता? त्या माणसाकडे राहायला? ती म्हणाली, "राहायला कोण जातंय? आठ दिवस जाईन. जेवायला वाढीन. आणि नवव्या दिवशी निघेन. त्याने दारात उभं राहून बघायचं, मी जाताना. चौदा वर्षांत मी एकदाच मागितलं समज."

तुझी आई अशी बोलते हे मला माहीत नव्हतं. तुला होतं?

मग ताट पुन्हा पुढ्यात ओढलं. थोड्या वेळाने म्हणाली, "पण त्याला धुरकट दिसतं म्हणतेस. मग मी गेले काय आणि न गेले काय."

ताई


ता. ९ सप्टेंबर

ताई,

तीन महिने लिहिलं नाही कारण तुझ्यावर चिडलो होतो. अजून आहे. माझ्या पाठीमागे चार चार पत्रं, आणि मला सांगतेस सामानात हात घालू नकोस! चोराच्या उलट्या बोंबा. तू आणि तो, दोघांनी मिळून मला पार्सल केलं. पण आईचं नवव्या दिवसाचं वाक्य मी चिठोऱ्यावर उतरवून टेबलाच्या खणात ठेवलंय, ते खरं.

इकडचं ऐक. टेबलावर मी आहे. म्हातारा गाड्या धुतो. एक दिवस त्याने धुतलेल्या गाडीवर साबणाचा ओघळ राहिला, तर मी ओरडलो, "बघता येत नाही का?" सगळे कामवाले थांबले. तो म्हणाला, "नाही." आणि पुन्हा धुतली. पत्रा ठोकणारा त्यानंतर चार दिवस माझ्याशी बोलला नाही. मी पण बोललो नाही. माझं काही अडत नाही.

मी मालकाशी बोललो. आता लपवायचं काही उरलंच नव्हतं. माझ्या पगारातून कापून घ्या म्हटलं, आणि ऑपरेशन ठरलं. उजवा डोळा जुलैत झाला, डावा गेल्या आठवड्यात. उजव्याची पट्टी काढली तेव्हा मी शेजारी होतो. त्याने आधी भिंतीकडे बघितलं, मग डॉक्टरीणबाईच्या निळ्या झग्याकडे, बराच वेळ. मग माझ्याकडे. म्हणाला, "तुझ्या कपाळावर ही खूण कसली?" मी म्हटलं, "आठ वर्षांचा असताना पडलो होतो. तुम्ही नव्हता." त्याने माझा हात धरला. मी थोडा वेळ राहू दिला आणि मग काढून घेतला.

त्याला वाटलं, पोराने माफ केलं. रस्त्यात म्हणाला, "तू एवढं केलंस माझ्यासाठी." मी म्हटलं, "तुमच्यासाठी नाही. आई येतेय. तिला नीट बघता यावं तुम्हाला. केस किती पांढरे झालेत, गुडघे कसे वाकत नाहीत, सगळं. धुरकट चालणार नाही."

तो रस्त्यातच उभा राहिला. मागून येणारी बाई त्याला धडकली. म्हणाला, "राहायला?"

मी म्हटलं, "बस आली."

तेव्हापासून त्याने तीन वेळा विचारलंय आणि मी तीन वेळा काहीतरी दुसरंच बोललोय. आता त्याने आपल्या मनानेच ठरवून टाकलंय. खोलीला आतून रंग दिला, दोन हात. मला विचारत नाही आता पिवळट की निळसर, स्वतःच बघतो. खिडकीला पडदा लावला. मालकाकडे जाऊन खालची बंद पडलेली कोठी मागितली, तिला जिना चढायला नको म्हणून, आणि कामावरून सुटलं की ती घासत असतो. काल भिंतीवर आरसा ठोकला. "एवढी उंची ठीक आहे का रे तिला?" विचारलं. मी म्हटलं, "थोडा खाली घ्या." त्याने घेतला.

ओठांवर आलं होतं, ताई. सांगून टाकावं, म्हटलं, आठच दिवस आहेत हो. नाही सांगितलं. "सहा महिन्यांत बोलावतो" म्हणताना त्याच्या तरी कुठे खरं ओठांवर आलं होतं. ती आईची गोष्ट आहे, तिने सांगावी, नवव्या दिवशी, दारात. मी फक्त बॅग उचलायला असेन.

तिला पायात मऊ चपला घाल. विमानात पाय सुजतात. नोव्हेंबरात यायला सांग, तेव्हा कामाची गर्दी नसते, मला पूर्ण आठ दिवस सुट्टी मिळेल.

तिकीट तिथेच काढ, आणि दोन्ही बाजूंचं एकदमच काढ. परतीची तारीख आत्ताच पक्की छापून घे. चौकशी केली आहे. जायचे आणि यायचे मिळून एकसष्ट हजार आठशे पाठवतोय.